माहूरची वाट कोणती धरावी?

नांदेडहून माहूरला जायला दोन मोठ्या वाटा आहेत. एक भोकर, हिमायतनगर, किनवट अशी डोंगर आणि सागाच्या जंगलातून जाते. दुसरी अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव करत नागपूरच्या महामार्गाने जाते, धनोड्याजवळ तो सोडते आणि पैनगंगेचा पूल ओलांडून माहुरात येते. लातूरकरांनाही तुळजापूर-नागपूर महामार्ग अहमदपूर, लोहा या बाजूने नांदेडपर्यंत आणून सोडतो, म्हणजे त्यांच्यापुढेही शेवटी हाच प्रश्न. यांच्याखेरीज गावागावांना, तांड्यांना आणि पाड्यांना जोडणाऱ्या कितीतरी लहान वाटा आहेत आणि मोबाइलवरचा नकाशा त्यातली एखादी 'आठ मिनिटे कमी' म्हणून पुढे करतो. माहुरात पोहोचल्यावरही रस्ता संपत नाही. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया या तीन शिखरांकडे नेणारा खरा चढ तिथून सुरू होतो. मराठवाड्यातला बहुसंख्य गाडीवाला सपाट काळ्या रानात गाडी शिकलेला असतो. त्याच्या आयुष्यातला पहिला घाट बहुधा देवीच्या दर्शनाचा असतो आणि तोही भरल्या गाडीने. अशा वेळी घरची मंडळी म्हणतात, 'घाट आहे, धीर ठेवा.' मला हा सल्ला अपुरा वाटतो. डोंगरातला आत्मविश्वास धिटाईतून येत नाही. पुढचे किती दिसते आहे आणि तेवढ्यात आपली गाडी थांबते का, याचा हिशेब पक्का असला की तो येतो. हा हिशेब गाडीत बसण्याआधी, वाट निवडतानाच सुरू करावा लागतो.

आधी दिसण्याचाच हिशेब पाहू. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत प्रत्येक वेगासाठी थांबायला लागणारे अंतर दिलेले आहे. ताशी ३० किलोमीटरला ३० मीटर, ४० ला ४५, ५० ला ६० आणि ६० ला ८० मीटर. यात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले आहेत. ताशी ४० च्या वेगात या अडीच सेकंदांतच गाडी सुमारे २८ मीटर पुढे जाते, ब्रेक त्यानंतर लागतो. म्हणजे थांबण्याच्या अंतराचा मोठा वाटा ब्रेकचा नसून माणसाचा आहे, आणि ब्रेक कितीही नवे असले तरी तो कमी होत नाही. आता एकेरी रस्त्याचा विचार करा. त्याच पट्ट्यावरून समोरूनही गाडी येते. तिलाही थांबायला तेवढेच अंतर लागते, म्हणून मानके अशा रस्त्यावर दुप्पट अंतर दिसायला हवे असे सांगतात. ताशी ४० ला ९० मीटर. डोंगराच्या पोटातून कापलेल्या वळणावर कधी २५-३० मीटरच्या पुढचे काही दिसत नाही. तिथे ४० ने जाणारा माणूस समोरून कोणी येणार नाही या भरवशावर गाडी चालवत असतो. घाटात किती वेगाने जावे, या प्रश्नाला फलकावरचा आकडा हे पूर्ण उत्तर होत नाही. दोनपदरी रस्त्यावर दिसते तेवढ्यात आणि एकेरी रस्त्यावर दिसते त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे. दर वळणाला हे अंतर बदलते, म्हणून वेगही दर वळणाला बदलायला हवा.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो आकडेवारीचा आधार घेऊन येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावरचे होते. मग डोंगरवळणांचा एवढा बाऊ कशाला? पण देशातल्या रस्त्यांची बहुतेक लांबी सरळच आहे आणि बहुतेक वाहतूक सरळ रस्त्यावरच चालते, तेव्हा अपघातही तिथेच जास्त मोजले जाणार. रस्ता किती धोक्याचा आहे हे त्यावरून ठरत नाही, तिथून किती गाड्या जातात हे कळते. शिवाय त्याच अहवालात मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण अतिवेग दिलेले आहे आणि अतिवेग हा शब्द सापेक्ष आहे. महामार्गावर ताशी ६० हा संथ वेग वाटतो, दत्तशिखराच्या वळणावर तोच अतिवेग ठरतो. पण त्यातच धीर देणारी एक गोष्ट आहे. माणूस जिथे सावध होतो तिथे त्याला डोंगरही पार करता येतो.

वाट निवडताना आपण सहसा किलोमीटर मोजतो, पण आधी पाहायला हवी ती रुंदी. महामार्गाची दोनपदरी डांबरी पट्टी ७ मीटर असते, मधल्या दर्जाच्या रस्त्याची साडेपाच, एकेरी ग्रामीण रस्त्याची पावणेचार आणि कमी वाहतुकीच्या रस्त्याची तीनच मीटर. बसची रुंदी अडीच मीटरच्या पुढे असते आणि लहान मोटार आरशांशिवाय सुमारे १.७ मीटर भरते. दोन्ही मिळून सव्वाचार मीटर होतात, म्हणजे पावणेचार मीटरच्या पट्टीवर त्या समोरासमोर आल्या तर एकीला डांबरावरून खाली उतरावेच लागणार. मराठवाड्यात नेमकी इथेच अडचण आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. डांबराची कड तिच्यावर टिकत नाही आणि मुरमाची साइडपट्टी वाहून जाऊन कडेला वीतभर खोल खाच पडते. साइड देताना डावे चाक त्या खाचेत उतरते. चालक घाबरून स्टिअरिंग उजवीकडे झटकतो. चाक आधी कडेला घासते, मग एकदम वर चढते आणि गाडी समोरच्या गाडीच्या अंगावर जाते. चाक खाली उतरले तर ते उतरू द्यावे. स्टिअरिंग सरळ धरावे, वेग जवळजवळ शून्यावर आणावा आणि मगच सावकाश वर यावे. समोर बस दिसताच रुंद जागा पाहून आधीच थांबलात तर हा प्रसंग येतच नाही.

रस्त्याचा दर्जा ओळखायला अभियंता असावे लागत नाही. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहावा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग आणि नारिंगी असेल तर ग्रामसडक. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी तिने लोकसंख्येची अट ५०० वरून २५० पर्यंत खाली आणली. किनवट-माहूरसारख्या भागातल्या लहान वस्त्यांनाही त्यामुळे डांबर मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि ही या योजनेची मोठी देणगी आहे. पण हे रस्ते दवाखाना, शाळा आणि बाजार गाठण्यासाठी केलेले आहेत. यात्रेच्या क्रूझर आणि ट्रॅव्हल्स त्यांवरून आडवाटेने पळाव्यात म्हणून ते बांधलेले नाहीत. पिवळा माथा सोडून नारिंगी माथ्याकडे वळताना आपण आठ मिनिटे वाचवतो आणि अर्धी रुंदी घालवतो. अनोळखी माणसासाठी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. त्याच रस्त्यावर रोज दूध घालणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला प्रत्येक वळणामागचे काय ते पाठ असते, न दिसणाराही रस्ता त्याला दिसत असतो.

वाट विचारायची तर कशी विचारावी यालाही महत्त्व आहे. 'रस्ता चांगला आहे का?' या प्रश्नाला आपल्याकडे कोणीही 'हो, मस्त आहे' म्हणतो, कारण तो मोटारसायकलवरून जाऊन आलेला असतो. त्याऐवजी विचारावे, 'या रस्त्याने एसटी जाते का?' ज्या रस्त्याने रोजची किंवा मुक्कामाची एसटी जाते, त्याची रुंदी, चढ आणि वळणे एका मोठ्या गाडीने दररोज तपासलेली असतात. नकाशातल्या मिनिटांपेक्षा ही साक्ष मला जास्त भरवशाची वाटते. यावर कोणी म्हणेल की एसटीचा चालक पट्टीचा असतो, त्याची बरोबरी आपण कशी करणार? ते खरे आहे. पण प्रश्न त्याच्याएवढे कौशल्य आपल्यात आहे का हा नाही. त्याच्या अकरा-बारा मीटर लांब गाडीला जे वळण घेता येते ते आपल्या चार मीटरच्या गाडीला घेता येईल का, एवढाच तो आहे.

एसटीची ही साक्ष एका ठिकाणी मात्र चालत नाही, आणि ते ठिकाण म्हणजे पाणी. २८ सप्टेंबर २०२१ रोजी नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याला पूर आलेला असताना पुलावरून वाहून गेली आणि माणसे दगावली. रस्ता रोजचा आणि पूल ओळखीचा होता. पाणी मात्र त्या दिवसाचे होते. पैनगंगेच्या दोन्ही बाजूंना असे कमी उंचीचे पूल आणि फरश्या पुष्कळ आहेत आणि डोंगरात पडलेला पाऊस तासाभरात तिथे उतरतो, मग आपल्या डोक्यावर ऊन का असेना. 'पाणी गुडघाभरच आहे, गाडी निघेल' हा युक्तिवाद दरवर्षी ऐकू येतो. त्याला साधे गणित उत्तर देते. लहान मोटारीचा तळ सुमारे चार मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद, म्हणजे साडेसहा चौरस मीटरच्या आसपास असतो. पाणी त्या तळाच्या वर फक्त १५ सेंटिमीटर चढले तरी ते जवळजवळ एक टन वजन वर उचलू पाहते आणि गाडीचे वजनही साधारण तेवढेच असते. चाकांची पकड सुटली की बाकीचे काम प्रवाह करतो. शिवाय पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे काठावरून दिसत नाही, आणि दिसत नाही तिथे जायचे नाही हे तर सुरुवातीलाच म्हटले. पाणी वाहत असेल तर थांबावे किंवा परत फिरावे. इथे तिसरा पर्याय नाही. पावसाळ्यात वाट निवडताना सर्वांत आधी विचार या पुलांचा व्हावा.

आता चढ-उताराकडे येऊ. डोंगराळ रस्त्याचा नेहमीचा चढ पाच टक्के, म्हणजे वीस मीटरला एक मीटर ठेवावा आणि अपवादानेच सात टक्क्यांपर्यंत जावे, असे मानके सांगतात. चढताना ताण इंजिनावर येतो आणि तो ऐकू येतो, म्हणून माणूस आपसूक गिअर खाली टाकतो. उतरताना गाडी गप्प असते. ताण ब्रेकवर येतो आणि तो ऐकू येत नाही. माणसांसह दीड टनाची गाडी १०० मीटर खाली आली की तिच्या उंचीत साठलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर साडेचार लिटर थंड पाणी उकळेल एवढी उष्णता चार चाकांच्या लायनरमध्ये साठते. बारा टनांच्या बसला हाच हिशेब छत्तीस लिटरवर जातो, म्हणजे दोन मोठ्या घागरींपेक्षा जास्त. गाडीतून जळका वास येऊ लागतो तो याच उष्णतेचा, आणि पाय दाबूनही गाडी थांबेना हा पुढचा टप्पा असतो. त्यावरचा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. मग गाडी इंजिन धरून ठेवते, ब्रेक फक्त वळणाआधी थोडा लागतो आणि मधल्या वेळात थंड होतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. ती कुठे आहे हे घाटात शोधू नये, घरीच पाहून ठेवावे.

न्यूट्रलवर गाडी सोडली की डिझेल वाचते, हा समज आपल्या भागात फार खोल रुजला आहे. रोज घाट उतरणाऱ्या माणसाचा चार पैसे वाचवण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधन जवळजवळ बंद होते. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहण्यासाठी थोडे इंधन जळतच राहते. म्हणजे बचत होत नाही आणि इंजिनाचा आधारही सुटतो. इंजिनच बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन वेळा पाय दाबताच संपते आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते.

अरुंद चढावर साइड कोणी द्यायची यावरून वाद होतात. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे रहदारीचे नियम सांगतात आणि त्यामागचे कारण पटणारे आहे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलताना मागे सरकते, उतरणाऱ्याला मात्र फक्त ब्रेक सोडायचा असतो. चढावर थांबावेच लागले तर हॅन्डब्रेक ओढून, क्लच धरू लागल्यावर तो सोडावा. हे एक कसब सपाट मैदानात दहा वेळा करून पाहिले तरी घाटातली अर्धी भीती जाते. मोटारसायकलवाल्यांना एवढेच सांगणे की उतारावर मागचा ब्रेक आणि दुसरा गिअर, वळणावरच्या खडीवर पुढचा ब्रेक नाही, आणि हेल्मेट डोक्यावर, हँडलला नाही.

काही जाणकार म्हणतात की घाटात रात्रीच जावे, समोरच्या गाडीचा उजेड वळणाआधीच दिसतो. गाड्यांपुरते हे बरोबर आहे. पण किनवट-माहूरच्या रस्त्यावर फक्त गाड्या नसतात. बैलगाडी असते, कापूस भरलेली ट्रॉली असते, मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर असतो आणि पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला रानडुक्कर किंवा रोही मध्येच आडवे येतात. यातल्या कोणाचाच उजेड आधी दिसत नाही. बंद पडलेल्या ट्रकमागे धोक्याची खूण म्हणून झाडाची फांदी आणि चार धोंडे ठेवतात. ट्रक दुरुस्त होऊन जातो, धोंडे तिथेच राहतात. डिपरवर गाडीचा उजेड चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे फारसा कामाचा नसतो, आणि ताशी ४० ला थांबायला ४५ मीटर लागतात हे वर आलेच आहे. तेव्हा अनोळखी डोंगरवाट दिवसा चालावी. किनवट ते माहूर सुमारे ५० किलोमीटर धरले तर ताशी ६० ने ५० मिनिटे लागतात आणि ४० ने ७५. फरक पंचवीस मिनिटांचा आहे. तो रस्त्यावर भरून काढण्यापेक्षा घरून तेवढ्या लवकर निघावे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. रस्ते नीट करायचे सोडून चालकाला उपदेश का? हा आक्षेप मला मान्य आहे. खचलेली साइडपट्टी, वळणावरचा नसलेला आरसा, तुटलेला कठडा आणि बुडणारा पूल ही चालकाची चूक नाही, आणि ग्रामसडकेवर पहिली पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते ती त्याच्याकडून करून घेतलीच पाहिजे. पण नुसते रुंदीकरण हे उत्तर नाही. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की वेग वाढतो, वळणामागचा डोंगर मात्र तिथेच राहतो. गडावर लिफ्ट झाली की प्रश्न मिटेल असेही म्हणतात. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. ती भाविकांच्या पायऱ्या वाचवते, वृद्धांसाठी तर ती वरदानच आहे. पण नांदुरीपासून गडावरच्या गावापर्यंतचा घाट गाडीनेच चढावा लागतो आणि ट्रॉली सुरू झाल्यानंतरही, १२ जुलै २०२३ रोजी, त्याच घाटात बस दरीत कोसळली. माहुरातही लिफ्ट पायऱ्यांना पर्याय होईल, रस्त्याला नाही. त्यामुळे बांधकाम विभागाकडे मागायचे ते नेमके मागावे. आरसे, कठडे, भरलेल्या साइडपट्ट्या, प्रत्येक बुडत्या पुलावर पाण्याची पातळी दाखवणारा रंगवलेला खांब, आणि आडरस्त्याच्या तोंडाशी 'पुढे रस्ता एकेरी, रुंदी इतकी' असा मराठी फलक. यातले काहीच फार खर्चाचे नाही.

पहिल्यांदाच माहूरला गाडी घेऊन जाणाऱ्याने महामार्ग धरावा, धनोड्याकडून दिवसाउजेडी यावे आणि किनवटची जंगलवाट हात बसल्यावर, हिवाळ्यातल्या एखाद्या कोरड्या दिवसासाठी ठेवावी. नवरात्रात, दत्तजयंतीला किंवा राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला जाणार असाल आणि घाटाची सवय नसेल, तर गाडी पायथ्याशी लावा आणि एसटीने गडावर जा.